पायी चालणाऱ्याचे जंगल कोठे आहे?

खापरखेड्याच्या माणसाने सुट्टीच्या दिवशी जावे कोठे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. महागाईपासून बेकारीपर्यंतचे मोठे प्रश्न दाराशी उभे असताना रविवारच्या भटकंतीसाठी वृत्तपत्राचे रकाने कशाला खर्ची घालावेत, असेही कोणी विचारील. परंतु ज्या गावाच्या धुराड्यांनी राज्यातल्या घराघरांत दिवे लावले, त्या गावातल्या शिक्षकाला, कारकुनाला आणि विद्यार्थ्याला सहा दिवसांच्या राबणुकीनंतर सातव्या दिवशी झाडांच्या सावलीत पाच-सहा तास निर्धास्तपणे चालता येईल अशी एकही आखलेली वाट जवळपास असू नये, ही गोष्ट क्षुल्लक म्हणता येणार नाही. विशेषतः, ज्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर सातपुड्याचे एक नामांकित अरण्य पसरलेले आहे, त्या जिल्ह्यात तर ती मुळीच क्षुल्लक ठरत नाही.

खापरखेडा हे नाव महाराष्ट्राला विजेमुळे ठाऊक आहे. २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक अशा पाच संचांचे मिळून १३४० मेगावॅटचे हे औष्णिक केंद्र. जवळच कोराडीचे त्याहून मोठे केंद्र. भोवती सिल्लेवाडा, वलनी, पाटणसावंगी, सावनेर असा कोळसाखाणींचा पट्टा. आपल्या देशातील कोळशात राखेचे प्रमाण शेकडा तीस-चाळीसपर्यंत असते. म्हणजे शंभर वाघिणी कोळसा जाळला तर तीस-चाळीस वाघिणींइतकी राख मागे उरते. ही राख कोठे जाते, हे येथल्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही. उन्हाळ्याच्या वावटळीत ती अंगणात उतरते आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. २०२२ च्या जुलैमध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला आणि राखेचे पाणी शेतशिवारांत पसरले. विजेची किंमत देयकावर छापलेल्या आकड्यापुरती नसते, ती कोणीतरी कोठेतरी श्वासातूनही चुकती करीत असतो, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

जमिनीखालचे वन

या गावाचे आणि जंगलाचे नाते मात्र फार जुने आहे. खापरखेड्याची भट्टी जे जाळते तेही मुळात वनच आहे. नागपूरच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे भूशास्त्राचेही व्यासंगी होते. १८६३ साली त्यांचा मृत्यू झाला. तत्पूर्वी रॉबर्ट हंटर या आपल्या सहकाऱ्यासह त्यांनी नागपूरच्या परिसरातील खडकांचा अभ्यास केला. कामठी, सिल्लेवाडा या भागांतील वालुकाश्मांत त्यांना वनस्पतींचे जीवाश्म सापडले. ग्लॉसॉप्टेरिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, जिभेच्या आकाराची पाने असलेल्या वृक्षांचे ठसे त्या दगडांत उमटलेले होते. पंचवीस कोटी वर्षांहूनही अधिक काळापूर्वी, हिंदुस्थान, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे भूभाग एकमेकांना जोडलेले असताना, येथे दलदलीचे घनदाट अरण्य होते. त्याच अरण्याचा आज कोळसा झाला आहे. सिल्लेवाड्याचा दगड जगातील भूशास्त्रज्ञांना माहीत झाला, पण सिल्लेवाड्याजवळच्या शाळेतील किती मुलांना आपल्या पायांखाली एक अरण्य निजले आहे हे सांगितले जाते?

जमिनीखालच्या वनाप्रमाणे जमिनीवरच्या वनाचेही या गावावर ऋण आहे. छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावलेली पेंच नदी सातपुड्याच्या जंगलातून वाट काढीत, तोतलाडोह आणि नवेगाव खैरीच्या धरणांतून ओसंडत दक्षिणेकडे येते आणि खापरखेड्याच्या परिसरातच कन्हानला मिळते. नागपूर शहराची तहान भागविणारे आणि कोराडी-खापरखेड्याच्या केंद्रांना लागणारे पाणी फार मोठ्या प्रमाणात याच पेंच प्रकल्पाचे आहे. ज्या वनात हे पाणी झिरपते त्याला १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा आणि १९९९ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. म्हणजे एका अरण्याचा कोळसा आणि दुसऱ्या अरण्याचे पाणी यांवर हे गाव उभे आहे. आणि तरीही येथल्या सामान्य माणसाची जिवंत अरण्याशी गाठ पडते ती दिनदर्शिकेवरच्या वाघाच्या चित्रातून.

जिप्सीतून दिसणारे अरण्य

यावर कोणी म्हणेल, अरण्य पाहावयाचे तर पेंचची दारे उघडी आहेत. सिल्लारी आहे, खुर्सापार आहे, कोलितमारा आहे. संगणकावर आरक्षण करावे, जिप्सीत बसावे आणि वाघ पाहून यावे. हे खरे आहे. परंतु वाहन, प्रवेशशुल्क आणि मार्गदर्शक मिळून एका फेरीचा खर्च काही हजार रुपयांच्या घरात जातो. सहा जणांनी तो वाटून घेतला तरी मुलाबाळांसह जाणाऱ्या कारकुनाच्या महिन्याच्या हिशेबात तो सहज बसत नाही, आणि विद्यार्थ्याच्या खिशाला तर तो मुळीच परवडत नाही.

पैशाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी आणखी एक मुद्दा उरतो, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. वाहनात बसलेल्या माणसाला अरण्याचा एकच प्रश्न ठाऊक असतो : वाघ दिसला की नाही? दिसला तर फेरी सफल, न दिसला तर पैसे वाया. वाटेवरचा ऐन, धावडा, तेंदू, बिजा, सालई ही सारी त्याच्या लेखी वाघाच्या आड येणारी झाडी! पायी चालणाऱ्याचे तसे होत नाही. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली का दिसते, सागाचे कोवळे पान चोळले की बोटे तांबडी का होतात, पानगळीनंतर कुलूचे पांढरे खोड उन्हात भुतासारखे का उभे राहते, हे प्रश्न त्याला पावलोपावली पडत जातात. पावसाळा सरताना दोन झाडांच्या मध्ये हातभर रुंद जाळे विणून बसलेला रानकोळी त्याला थांबावयास लावतो. वानराच्या खाकरण्यातला आणि चितळाच्या शिटीवजा इशाऱ्यातला फरक त्याचा कान हळूहळू शिकतो. पायी चालणाऱ्याला वाघ बहुधा दिसतच नाही. पण वाघ ज्यावर जगतो ते सारे त्याला दिसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात कोणीही वाहनातून खाली उतरू नये हा नियम योग्यच आहे, आणि तो शिथिल व्हावा असे या लेखाचे म्हणणे नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काही महिने गाभा क्षेत्रातील पर्यटनावरच बंदी घातली होती. पुढे मार्गदर्शक तत्त्वे ठरल्यावर ती उठली. त्या निमित्ताने पर्यटन हे वन्यजीवांवरचे ओझे होऊ नये हा विचार देशापुढे आला, तो स्वागतार्हच होता. तक्रार आहे ती निराळी. गाभ्याबाहेरही, जेथे गुरे चरतात, मोहफुले वेचली जातात, तेंदूपाने तोडली जातात, त्या वनातसुद्धा पायी चालणाऱ्या नागरिकाचा विचार फारसा कोणी केलेला नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव वनात विनापरवाना शिरणे हा अपराध आहे. इंग्रजांनी तो कायदा लाकूड राखण्यासाठी केला. स्वातंत्र्यानंतर वनखात्याची उद्दिष्टे पुष्कळ बदलली, परंतु पायी येणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहण्याची दृष्टी पुरती बदलली नाही. गोरेवाड्याचे आंतरराष्ट्रीय प्राणिउद्यान २०२१ च्या प्रजासत्ताक दिनी खुले झाले, तेथेही सफारी म्हणजे बसमध्ये बसून काचेतून पाहणे. आपली सारी वनपर्यटनाची कल्पनाच चाकांवर बसली आहे, ती अशी.

चालणे आपल्याला नवे नाही

वस्तुतः डोंगरातून वर्तुळाकार फिरून निघाल्या ठिकाणी परत येणे ही कल्पना परदेशातून आणावी लागेल अशी नाही. आपल्या भाषेत तिला प्रदक्षिणा हा शब्द शेकडो वर्षे आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालण्यासाठी लोटणारा समुदाय दुसरे काय करतो? आलेल्या वाटेने परत फिरावयाचे नाही, डोंगर सतत उजव्या हाताला ठेवावयाचा आणि त्याची प्रत्येक बाजू पाहून मूळ जागी यावयाचे, ही त्यामागची साधी योजना आहे. तिच्यात भक्ती आहे तसा भूगोलही आहे.

आणि विदर्भाच्या माणसाला तर याहून जवळचे उदाहरण ठाऊक आहे. दर वर्षी नागपंचमीच्या सुमारास पचमढीच्या नागद्वार यात्रेला जाणारे लोक कोण असतात? नागपूर, अमरावती, वर्धा या जिल्ह्यांतील शेतकरी, मजूर, खाणकामगार, फेरीवाले, शाळकरी मुले. पाठीवर शिधा, डोक्यावर प्लास्टिकचा कागद आणि मुखी महादेवाचे नाव घेऊन भर पावसात सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांतून ते दिवसदिवस चालतात. ही वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रातून जाते आणि वर्षातून सुमारे दहाच दिवस उघडली जाते. म्हणजे ठरावीक काळ, ठरावीक वाट आणि ठरावीक बंदोबस्त असेल तर व्याघ्र प्रकल्पातूनसुद्धा सामान्य माणूस चालू शकतो, हे सिद्ध करून दाखविण्याची आता गरज उरलेली नाही. अर्थात त्या यात्रेतली गर्दी आणि मागे राहणारा कचरा ही अनुकरणीय गोष्ट नव्हे. परंतु आमच्या माणसाला चालण्याची हौस नाही, त्याला घरबसल्या दूरचित्रवाणी पुरेशी आहे, असे जे म्हणतात त्यांनी एकदा नागद्वारची वाट पाहून यावी.

धुराच्या गावांतील माणसे

खापरखेड्यासारख्या गावांच्या संदर्भात इंग्लंडमधील एक प्रसंग आठवण्याजोगा आहे. मँचेस्टर आणि शेफील्ड ही कापडाची आणि पोलादाची शहरे. त्यांच्यामध्ये पसरलेल्या डोंगराळ माळरानावर जमीनदारांचे शिकारीचे राखीव रान होते आणि तेथे सामान्य माणसाला पाऊल ठेवण्याची मनाई होती. २४ एप्रिल १९३२ रोजी, रविवारी, मँचेस्टरच्या बाजूने काहीशे कामगार तरुण किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मनाई मोडून चढले. बेनी रॉथमन हा विशीतला तरुण त्यांचा म्होरक्या होता. रखवालदारांशी झटापट झाली, धरपकड झाली आणि पाच जणांना तुरुंगवास घडला. पण लोकमत जागे झाले. १९४९ साली त्या देशात राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागातील प्रवेश यांविषयीचा कायदा झाला आणि १९५१ साली पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले ते त्याच डोंगराळ मुलखात.

आपली परिस्थिती हुबेहूब तशी नाही, हे मान्य केले पाहिजे. तेथे आड आला होता जमीनदारांचा शिकारीचा छंद. येथे आड येते ते वाघाचे जिणे, आणि ते कोणाच्याही छंदापेक्षा मोलाचे आहे. म्हणून येथे मनाई मोडण्याची भाषा कोणी करू नये. परंतु त्या प्रसंगातला एक धागा आपल्याही कामाचा आहे. मोकळ्या रानावरचा हक्क त्या दिवशी मागितला तो कवींनी वा श्रीमंतांनी नव्हे, धुराने काळवंडलेल्या गावांतील कामकऱ्यांनी. ज्याची फुप्फुसे आठवडाभर धूर घेतात त्याला वनातला एक दिवस ही चैन वाटत नाही. त्याच्या दृष्टीने ती प्रकृतीची गरज असते.

रामटेकची प्रदक्षिणा

मग अशी वाट करावयाची कोठे? नागपूर जिल्ह्यात या कामी रामटेकच्या डोंगराइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. खापरखेड्याहून तासा-सव्वा तासाच्या अंतरावर ते आहे. नागपूरहून तेथपर्यंत एस.टी.ही जाते आणि रेल्वेही. २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत आहे, हेही कुटुंबवत्सल माणसाने ध्यानात घ्यावे. डोंगराच्या कुशीत अंबाळा तलाव आहे. त्याच्या काठाने घाट आणि लहानमोठी देवळे आहेत. तेथून जुन्या पायऱ्यांची वाट गडमंदिरापर्यंत चढत जाते. गडावर वाकाटककालीन नृसिंहाची मंदिरे आहेत. त्यांपैकी केवल नृसिंह मंदिरातील शिलालेखाने प्रभावतीगुप्ता या राणीच्या घराण्याच्या इतिहासावर प्रकाश टाकला आहे. त्या वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे पायथ्यापासून फार दूर नसलेले आजचे नगरधन. जवळच मनसरच्या हिडिंबा टेकडीवर १९९० नंतरच्या दशकात झालेल्या उत्खननाने त्याच काळाचे अवशेष उजेडात आणले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मेघदूतातला रामगिरी तो हाच, असे साधार प्रतिपादन केले. १९९७ साली कालिदासाच्या नावाचे संस्कृत विश्वविद्यालयही येथेच स्थापन झाले.

विरही यक्षाने आषाढात ढग पाहिला तो येथून, असे आपण अभिमानाने सांगतो. पण मेघदूत शिकणारे आणि शिकविणारे किती जण आषाढात हा डोंगर पायी फिरून आले आहेत? मोटारीने थेट गडाच्या दारापर्यंत जावे, वानरांपासून प्रसादाची पिशवी सांभाळावी, दर्शन घ्यावे आणि तासाभरात परतावे, हीच बहुतेकांची रामटेक-यात्रा. आषाढात सागाला मोहर यावयास लागतो, नाले वाहू लागतात, खडकांवर शेवाळ चढते आणि महिन्यापूर्वी काड्यांसारखे उभे असलेले रान असे हिरवे होते की ओळखू येऊ नये. माघ-फाल्गुनात तेच रान उघडेवाघडे होते आणि मधूनच पळस पेटतो. चैत्रात मोहाच्या फुलांचा उग्र गोड वास पहाटेच्या हवेत भरून राहतो. एकच वाट वर्षातून तीनदा चालावी आणि तीन निराळी जंगले पाहावीत, अशी ही पानगळीच्या वनाची किमया आहे.

अंबाळ्याच्या घाटावरून सकाळी निघावे, गडावर चढावे, दुसऱ्या अंगाने उतरून डोंगराच्या पायथ्याच्या रानातून फेरा घ्यावा आणि दुपार कलता कलता पुन्हा अंबाळ्याला यावे, अशी एक सलग वर्तुळाकार पायवाट आखणे हे अभियांत्रिकीचे मोठे काम नाही. तिच्यासाठी सिमेंट नको, फरशी नको, रंगीत दिवे नकोत, स्वतःचे छायाचित्र काढण्याचे चौथरे तर नकोतच. वाट चुकू नये म्हणून दगडांवर खुणा, झाडांची नावे सांगणाऱ्या साध्या पाट्या, एक-दोन ठिकाणी पिण्याचे पाणी आणि आरंभी एक नोंदवही एवढे पुरे. वनातली उत्तम वाट तीच, जी बांधली आहे असे वाटत नाही.

आक्षेप आणि उत्तरे

या सूचनेवर पहिला आक्षेप येईल तो वाघ-बिबट्यांचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पेंचचे वाघ आज प्रकल्पाची सीमा ओलांडून रामटेक-पारशिवनीच्या शेतशिवारांपर्यंत येतात. त्या भागातील खेड्यांनी माणसे गमावली आहेत, गुरे गमावली आहेत. शहरातून आलेल्या हौशी माणसाने त्यांच्या भयाची थट्टा करू नये. परंतु भय आहे म्हणून वाट नको, असे म्हणण्यापेक्षा भय आहे म्हणून वाट शिस्तीची हवी, असे म्हणणे अधिक शहाणपणाचे नाही का? मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबटे आहेत, तरी तेथे सकाळी फिरावयास येणाऱ्यांची रीघ असते, आणि शिलोंड्यासारख्या वाटेवर परवानगी घेऊन, मार्गदर्शकासह चालता येते. केरळातील पेरियार व्याघ्र प्रकल्पात पूर्वी चोरट्या शिकारीवर आणि झाडांच्या सालीवर जगणारे लोकच आज प्रवाशांना पायी फिरवून आणतात. दिवस वर आल्यानंतर निघणे, सूर्य मावळण्याच्या पुष्कळ आधी परतणे, एकट्याने न जाणे, स्थानिक माणूस बरोबर घेणे आणि वनरक्षकाने आज वाट बंद आहे असे सांगितले की हुज्जत न घालता माघारी फिरणे, या पाच गोष्टी पाळल्या तर धोका नाहीसा होणार नाही, पण आटोक्यात राहील.

दुसरा आक्षेप कचऱ्याचा. जेथे माणूस तेथे पिशव्या, बाटल्या, मोठ्याने वाजणारी गाणी, हा आपला अनुभव आहे आणि तो खोटा नाही. पण यावर उपाय माणसाला हाकलणे हा नव्हे. जाताना पिशव्या-बाटल्या मोजून नोंदवाव्यात, येताना मोजून दाखवाव्यात, कमी भरल्या तर दंड घ्यावा. दिवसाला ठरावीक संख्येपलीकडे कोणास सोडू नये. व्यवस्था कडक असली की लोक ती पाळतात.

तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. ज्यांना पोटासाठी रानात जावे लागते त्या मोह वेचणाऱ्या बाईला आणि गुराख्याला संरक्षण नाही, आणि तुम्हांला हवापालटासाठी वाट हवी! या बोलण्यात तथ्य आहे. म्हणूनच अशी वाट वनखाते आणि प्रवासी यांच्यापुरती राहता कामा नये. तिची देखरेख पायथ्याच्या गावांतील संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांकडे असावी, मार्गदर्शक त्याच गावांतील तरुण-तरुणी असाव्यात, आणि येणारे माफक शुल्क त्याच गावांत खर्च व्हावे. ज्या गोंड म्हाताऱ्याला प्रत्येक झाडाचे नाव, गुण आणि गोष्ट ठाऊक आहे तो या वाटेवर गुरू म्हणून चालावा, हमाल म्हणून नव्हे. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून जी विद्या मिळविली तिच्यातला केवढा तरी भाग नवेगावच्या माधवराव पाटलांसारख्या जाणत्यांच्या आणि रानात राहणाऱ्या अनाम माणसांच्या सहवासातून आला होता. जून २०२५ मध्ये चितमपल्ली गेले. त्यांच्या एका पुस्तकाचे नावच ‘रानवाटा’ आहे. त्यांची स्मृती पुतळ्यापेक्षा एखाद्या खऱ्याखुऱ्या रानवाटेने अधिक चांगली जपली जाईल.

शाळांनी पुढे यावे

तथापि सरकारने वाट आखावी आणि आपण तोवर वाट पाहावी, हा मार्ग बरा नव्हे. आरंभ शाळा-महाविद्यालयांना करता येईल. आज शाळेची सहल म्हणजे पाण्याच्या घसरगुंड्या आणि पाळणे असलेली करमणुकीची उद्याने. मुलांना त्यात आनंद होतो हे खरे, पण परतताना ती काही नवे नाव घेऊन येत नाहीत. व्याघ्र प्रकल्पांची यादी पाठ म्हणणाऱ्या मुलाला ऐन आणि धावडा यांतला फरक सांगता येऊ नये, ही त्याची चूक नाही. त्याला तेथे नेले कोणी? वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन, तीस मुलांचा एक वर्ग आणि दोन शिक्षक वर्षातून तीन ऋतूंत एकाच वाटेने फिरवून आणावेत. वह्या बरोबर द्याव्यात. विज्ञान, भूगोल, इतिहास आणि संस्कृत यांचे तास एकाच दिवशी, एकाच डोंगरावर घेता येतात.

आणि खापरखेड्यानेही आपल्या अंगणाकडे पाहावे. वेस्टर्न कोलफील्ड्सने २०१६ साली महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या साह्याने सावनेरजवळ खाणपर्यटनाचा उपक्रम सुरू केला. ज्या भूमीतून केवळ कोळसा निघावयाचा तेथे लोक आता हौसेने खाण पाहावयास जातात. जे खाणीच्या बाबतीत सुचले ते नदीच्या बाबतीत का सुचू नये? कन्हानच्या काठाने, संगमाच्या बाजूने, खाणींच्या जुन्या ढिगाऱ्यांवर वाढविलेल्या झाडीतून दोन तासांचा एक लहानसा फेरा गावातल्या गावात होऊ शकेल. वाटेवर सिल्लेवाड्याच्या वालुकाश्माचा एखादा तुकडा ठेवावा आणि पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या पानाची गोष्ट शेजारी लिहावी. वीज केंद्र, खाण कंपनी आणि ग्रामपंचायत या तिघांनी मनावर घेतले तर याला लागणारा पैसा त्यांच्या अंदाजपत्रकांत जाणवणारही नाही. ज्यांच्या दारात राख पडते त्यांना थोडी सावली मिळावी, ही मागणी अवाजवी नाही.

२०२४ च्या जानेवारीत पेंचच्या महाराष्ट्रातील क्षेत्राला काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. असा मान मिळविणारे ते भारतातले पहिलेच ठिकाण. रात्रीचा अंधारसुद्धा जपण्याजोगी ठेव आहे हे ज्या प्रशासनाला उमगले, त्याला दिवसाच्या उजेडात पायी चालणाऱ्याची किंमत उमगणार नाही असे मानण्याचे कारण नाही. त्याच्यापर्यंत मागणी मात्र पोचली पाहिजे.

गावाला वाचनालय असावे हे आपण फार पूर्वी मान्य केले. तेथे प्रत्येक जण रोज जातो म्हणून नव्हे, तर ज्याला जावयाचे असेल त्याला दार उघडे असावे आणि वर्गणी परवडावी म्हणून. वनातली पायवाट ही त्याच जातीची सार्वजनिक संस्था आहे. पेंच, रामटेक आणि कन्हान यांच्या टापूत अशी एक तरी वाट पुढील पावसाळ्यापूर्वी आखली जावी, यासाठी शिक्षकांच्या संघटनांनी, कर्मचारी संघटनांनी आणि विद्यार्थी मंडळांनी वनखात्याकडे आणि जिल्हा नियोजन समितीकडे लेखी मागणी केली पाहिजे. ज्या वनाचे पाणी आपण पितो आणि ज्या वनाचा कोळसा आपण जाळतो, त्या वनाशी नुसती देण्याघेण्याची ओळख शोभत नाही. वर्षातून एखादा दिवस त्याच्या दारी पायी जावे, एवढे तरी आपल्याकडून व्हावयास हवे.